घुबडाला कोट कुणी घातला?

प्रश्न वाचला. लेक सहा वर्षांची, शाळेत एडवर्ड लिअर ह्या इंग्रज कवीची घुबड आणि मांजराची निरर्थक कविता ऐकून आली आणि आता तिला 'तेच पुस्तक' पाहिजे, तुम्ही ऑनलाइन शोधलंत तर एकाच कवितेची ढीगभर पुस्तकं निघाली, काहींत लिअरची स्वतःची चित्रं, काहींत नव्या चित्रकारांची, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, तर कुठलं घेऊ. आणि शेवटी एक ओळ टाकलीय, की शब्दांचा अर्थ तर लागतच नाही, निदान चित्रांवरून कळेल असं एखादं सुचवा. मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते कारण खरी गोम तिथे आहे. चित्रांवरून अर्थ कळेल अशी पुस्तकं पैशाला पासरी मिळतील, आणि नेमकी तीच घेऊ नका.

असं का म्हणतेय ते सांगते, आणि आधी माझीच फजिती सांगते. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागून मला आता चोवीस वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात एका प्रकाशकाने बडबडगीतांचं पुस्तक दिलं होतं, अडगुलं मडगुलं सोन्याचं कडगुलं वगैरे, आणि त्यांची अट अशी की प्रत्येक शब्दाचं चित्र पाहिजे, मुलाला 'वस्तुज्ञान' झालं पाहिजे. कडगुलं ठीक आहे, सोन्याचं कडं काढलं. वाळा काढला. पण अडगुलं मडगुलं काय काढणार? मी बराच विचार करून मडगुलंला एक छान छोटं मडकं काढलं, वर नक्षी वगैरे, आणि अडगुलं म्हणून शेजारी एक अडकित्ता (हो, तान्ह्या बाळाजवळ अडकित्ता, हसू नका, मी तेव्हा बावीस वर्षांची होते). पुस्तक छापून आलं. माझ्या मावसबहिणीच्या मुलाला दाखवलं, चार-साडेचारचा असेल, तो त्या मडक्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "मडगुलं म्हणजे मडकं? मला वाटायचं ते पळतं." बास. त्याच्या डोक्यात एक पळणारं मडगुलं होतं, ते मी मारून टाकलं. पुढे मी निरर्थक कवितांचं काम घेतलं तेव्हा प्रत्येक वेळी ते मडकं आठवलंय.

तर ह्या कवितांच्या चित्रकाराची अडचण समजून घ्या म्हणजे पुस्तक निवडणं सोपं जाईल. कविता म्हणते की मी अर्थ सांगणार नाही. चित्र मात्र काहीतरी दाखवल्याशिवाय चित्रच होत नाही. शब्द मोघम राहू शकतो, रेष नाही राहू शकत, तुम्ही चमचा काढला की तो कुठलातरी एक चमचा झाला. मग जे चांगले असतात ते काय करतात, तर ते चेहरा सरळ ठेवतात. आपल्याकडे गप्पा मारणारे आजोबा असायचे ना, अशक्य थापा मारायचे पण मिशी हलायची नाही, तसं. अशक्य गोष्ट अगदी काळजीपूर्वक, ताळेबंद लिहावा तशी काढायची, आणि जिथे कवितेने दार बंद ठेवलंय तिथे आपण उघडायचं नाही. जे चांगले नसतात ते दोनपैकी एक करतात, एकतर सगळं समजावून सांगतात नाहीतर 'बघा किती गंमत आहे' म्हणून सगळ्यांना बटबटीत डोळे आणि जीभ बाहेर काढलेली तोंडं देतात. दुसरा प्रकार बाजारात जास्त आहे.

आता लिअरची मूळ चित्रं. हा माणूस मुळात पक्ष्यांचा चित्रकार होता हे पुष्कळांना माहीत नसतं. १८१२ सालचा जन्म, आणि अठराव्या वर्षी, १८३० मध्ये, त्याने पोपटांच्या चित्रांचा एक मोठा ग्रंथ हप्त्याहप्त्याने काढायला घेतला, ४२ चित्रं, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत पोपटांसमोर बसून काढलेली, एकेक पीस मोजून घ्यावं अशी. एका निळ्या मकाव पोपटाला आजही त्याचं नाव आहे. पुढे १८४६ मध्ये त्याने व्हिक्टोरिया राणीला चित्रकलेचे धडे दिले, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याचं निरर्थक पद्यांचं पहिलं पुस्तक टोपणनावाने बाहेर आलं. म्हणजे हाताला येत नव्हतं म्हणून त्याने ती वेडीवाकडी माणसं काढलेली नाहीत. ज्याला पोपटाच्या पंखातला सांधा न् सांधा काढता येत होता त्याने मुद्दाम मुलाच्या हातची वाटेल अशी रेष निवडली. नीट बघितलंत तर त्याच्या माणसांचे हात मागे पंखासारखे गेलेले असतात, चवड्यांवर उभी असतात, आत्ता उडतील अशी.

आणि ती चित्रं कवितेचं ऐकत नाहीत, हे मला फार आवडतं. व्हाइटहेवनचा एक म्हातारा एका डोमकावळ्याबरोबर नाचतो, लोक म्हणतात ह्या पक्ष्याला असं डोक्यावर बसवणं बरं नाही, आणि मग लोक त्या म्हाताऱ्याला चक्क चेचून टाकतात. एवढं भयंकर चार ओळींत. पण चित्रात लोकही नाहीत आणि चेचणंही नाही. फक्त म्हातारा आणि कावळा समोरासमोर नाचतायत, एकमेकांचं प्रतिबिंब असल्यासारखे, दोघंही खूश. शब्दांत समाजाची बाजू, चित्रात त्या दोघांची. मूल ऐकतं एक आणि बघतं दुसरं आणि मधली जागा त्याची त्याला मिळते. हे एकोणिसाव्या शतकात! आज चित्रपुस्तकांच्या वर्कशॉपमध्ये आम्ही पोरांना हेच तासतासभर शिकवत बसतो की बाबांनो चित्राने वाक्याची री ओढू नका.

म्हणून माझं मत, घरात एक तरी लिअरच्या मूळ चित्रांचं पुस्तक असावं, तेही काळं-पांढरं. मूळ चित्रांत नंतर कुणीतरी कॉम्प्युटरवर रंग भरलेल्या आवृत्त्या मिळतात, त्या मला बघवत नाहीत. काळ्या-पांढऱ्या रेषेचा आणखी एक फायदा म्हणजे मुलं लगेच पेन्सिल घेऊन तसंच काढायला बसतात, भारी जलरंगातलं पुस्तक बघून मूल 'वा' म्हणतं आणि पान उलटतं, पण लिअर बघून त्याला वाटतं हे तर मलाही येईल. फक्त घेताना एक गोष्ट तपासा. लिअर जाऊन १८८८ पासून आजपर्यंत इतकी वर्षं झाली की त्याचं सगळं लेखन आणि चित्रं कुणालाही छापता येतात, त्यामुळे मागणी आली की एकेक प्रत छापून देणाऱ्यांचं पेव फुटलंय, आणि त्यातल्या काही पुस्तकांत चक्क चित्रंच नसतात. मी स्वतः एकदा अशी प्रत मागवून बसलेय, आत नुसता मजकूर, तोही ओळी तुटलेला. आतली पानं दाखवत नसतील तर घेऊ नका. आणि पैसे खर्च करायच्या आधी मूळ पुस्तकं चित्रांसकट प्रोजेक्ट गुटेनबर्ग ह्या वेबसाइटवर फुकट आहेत, लेकीला स्क्रीनवर नको असेल तर चार पानं प्रिंट काढून द्या.

पण तुमच्या लेकीला पाहिजे ते वेगळं आहे, एका कवितेचं एक पूर्ण चित्रपुस्तक. त्याचं गणित सांगते, कारण ते कळलं की तुम्ही दुकानात उभ्याउभ्या पुस्तक पारखाल. चित्रपुस्तक साधारण ३२ पानांचं असतं, छापायचा मोठा कागद घडी घालून आठाच्या किंवा सोळाच्या पटीतच पानं निघतात म्हणून. त्यातली शीर्षक, प्रकाशकाचं पान वगैरे गेली की चित्रकाराच्या हाती बारा ते चौदा जोडपानं उरतात. आणि घुबड-मांजराची कविता आहे किती, तीन कडवी, प्रत्येकी अकरा ओळी, ३३ ओळी फक्त. म्हणजे एका जोडपानाला अडीच ओळी. तर आता ओळी कुठे तोडायच्या? प्रत्येक कडव्याच्या शेवटी ते घोळवून म्हणायचं पालुपद आहे, 'चंद्राच्या उजेडात, चंद्राच्या, चंद्राच्या' अशा चालीचं, ते एका पानावर अर्धं आणि पान उलटून अर्धं ठेवलं असेल तर आईबाबांचा श्वास मध्येच तुटतो आणि मोठ्याने वाचायची सगळी मजा जाते. पुस्तक हातात घेतलंत की चित्रं बघायच्या आधी पालुपद कुठे पडलंय ते बघा. मोठ्याने वाचून बघा, दुकानदार बघेल तर बघू दे.

उलट ह्या ताणण्याचा फायदा पण घेता येतो. कवितेत ते दोघं होडीतून एक वर्ष आणि एक दिवस प्रवास करतात, ह्याला लिअरने अर्धी ओळ दिलीय. चांगला चित्रकार तिथे दोन-तीन जोडपानं खर्च करतो, शब्द जवळजवळ नाहीत, नुसता समुद्र आणि दिवस. जॅन ब्रेटचं १९९१ चं पुस्तक बघा, तिने सगळी कविता कॅरिबियन बेटांत नेलीय, पानोपानी फुलं, टोपल्या, कापडाचे पोत, आणि होडीच्या खाली पाण्यात माशांची एक वेगळीच प्रेमकथा चालू असते जिचा कवितेत एक शब्दही नाही. मोठं माणूस वर वाचतं आणि मूल खाली मासे शोधतं. मला व्यक्तिशः ते थोडं जास्त भरलेलं वाटतं, श्वास घ्यायला जागा नाही, पण सहा वर्षांच्या मुलीला विचाराल तर ती ते पुस्तक सोडणार नाही, आणि त्या माशांमुळे वीसदा परत वाचून घेईल. आणि मुख्य म्हणजे ब्रेट बाई समजावत बसत नाहीत, त्या भर घालतात. समजावणं आणि भर घालणं ह्यातला फरक ओळखायला शिका, बाकी काही नाही आलं तरी चालेल.

मग ती पाच पौंडांची नोट. कवितेत ते मध घेतात आणि भरपूर पैसे घेतात, 'पाच पौंडांच्या नोटेत गुंडाळून'. आता मध नोटेत गुंडाळलाय का पैसे नोटेत गुंडाळलेत? पैसे पैशात गुंडाळायचे? ऐकताना हे खटकतही नाही, काढायला बसलं की घाम फुटतो. ह्या एका ओळीवर चित्रकार कळतो. जो मधाची बरणी बाजूला, पैशांची थैली बाजूला आणि नोट व्यवस्थित त्यावर अशी सोय लावून देतो तो आमच्या त्या वस्तुज्ञानवाल्या प्रकाशकाचा नातेवाईक समजा.

आणि रन्सिबल चमचा, ज्याने ते दोघं लग्न झाल्यावर जेवतात. ह्या शब्दाला अर्थ नाही, लिअरने तो बनवला आणि मग आवडला म्हणून चमच्यालाही लावला, मांजरालाही लावला, स्वतःच्या टोपीलाही लावला. १८७२ च्या पुस्तकात त्याने एक बदक काढलंय जे असल्या चमच्याने बेडूक पकडतंय, आणि चित्रात तो सरळ चमच्यासारखाच चमचा आहे, काही विशेष नाही. म्हणजे ज्याने शब्द बनवला त्यानेच चित्रात काही सांगायला नकार दिला. पुढे कित्येक वर्षांनी डिक्शनरीवाल्यांनी ठरवून टाकलं की हा एक लोणच्याबिणच्याचा वाकडा, रुंद दात्यांचा काटा-चमचा असतो, आणि आता बऱ्याच पुस्तकांत तोच काढलेला दिसतो. मी शाळांमध्ये जाते तेव्हा एक खेळ घेते, कविता वाचायची, पुस्तक बंद ठेवायचं, आणि चमचा काढायला सांगायचा. एकदा एका मुलीने चमच्याला मागून शेपूट काढली होती, एकाने भोक पाडलं होतं आणि खाली लिहिलं होतं 'ह्याने जेवल्यावर पोट भरत नाही', एकाने काहीच काढलं नाही, म्हणाला तो घुबडाकडे आहे. नंतर मी पुस्तकातला काटा-चमचा दाखवला की वर्गाचा चेहरा पडतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता दाखवतच नाही. तुम्ही लेकीकडून पुस्तक आणायच्या आधी चमचा काढून घ्या.

एडवर्ड गोरीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्याने लिअरच्या दोन लांब कवितांची चित्रं केली, चाळणीत बसून समुद्रावर जाणाऱ्या जंब्लींची १९६८ मध्ये आणि चमकत्या नाकाच्या डाँगची १९६९ मध्ये. जंब्लींची डोकी हिरवी आणि हात निळे, हे पालुपदातच आहे, आणि गोरीने काढलं काळ्या शाईत, बारीक बारीक रेघा मारून. रंग दिलेच नाहीत. रंग कविता सांगतेय, मग मी कशाला परत सांगू! आणि चाळणीत पाणी शिरतंय ह्याबद्दल कुणाच्याही चेहऱ्यावर काळजी नाही, सगळे एसटीत बसल्यासारखे बसलेत. हे ते मिशी न हलवणं. डाँगचं पुस्तक मात्र उदास आहे, मुळात ती कविताच विरहाची आहे, सहा वर्षाला चालेल पण रात्री झोपताना नको. त्याच वर्षी, १९६९ ला, हेलन ऑक्सनबरीने लिअरच्या क्वँगल वँगलच्या टोपीच्या कवितेची चित्रं केली आणि तिला केट ग्रीनअवे पदक, म्हणजे मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांसाठीचं ब्रिटिश पदक, मिळालं. ती टोपी १०२ फूट रुंद आहे, त्यामुळे तिच्या मालकाचा चेहरा कुणालाच कधी दिसत नाही, असं कवितेतच म्हटलंय. ह्या कवितेचं कुठलंही पुस्तक घेताना एकच बघायचं, चित्रकाराला तो चेहरा दाखवायचा मोह आवरलाय का.

मोह न आवरणाऱ्यांना अ‍ॅलिसवाल्या लुईस कॅरलने कसं अडवलं ते ऐकण्यासारखं आहे. त्याची स्नार्कच्या शिकारीची लांब कविता १८७६ ची, चित्रं हेन्री हॉलिडेची. शेवटी एक बूजम नावाचं काहीतरी येतं ज्याला पाहिलं की माणूस हळूच नाहीसा होतो. हॉलिडेने उत्साहाने बूजमचंही चित्र काढलं आणि पाठवलं. कॅरलने कौतुक केलं आणि पुस्तकात घ्यायला नकार दिला, म्हणे बूजमची कल्पना करता येऊ नये असंच मी कवितेत ठेवलंय आणि ते तसंच राहू दे. लेखकाने चित्रकाराचं तयार चित्र परत पाठवलं म्हणून मला राग यायला पाहिजे, पण इथे कॅरल बरोबर होता. कॅरलच्याच 'जॅबरवॉकी' ह्या निरर्थक कवितेतल्या जॅबरवॉक राक्षसाचं उलटं झालं, १८७१ च्या आरशापलीकडच्या अ‍ॅलिसमध्ये चित्रकार टेनियलने तो इतका भयानक काढला की कॅरलने तीसेक आयांना पत्रं पाठवून विचारलं, पोरं घाबरतील का, आणि शेवटी ते चित्र शीर्षकाच्या पानासमोरून हलवून आत टाकलं. त्या राक्षसाला नखं, दात, वटवाघळाचे पंख, सगळं आहे, आणि अंगात एक बटणांचा वेस्टकोट आहे. वेस्टकोटामुळे तो जास्त भीतिदायक होतो की कमी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जॅबरवॉकीची आधुनिक पुस्तकं पण बरीच आहेत. ख्रिस्टोफर मायर्सने २००७ मध्ये ती बास्केटबॉलच्या मैदानावर नेली, राक्षस म्हणजे एक अवाढव्य खेळाडू. धाडस आवडलं, रंग जबरदस्त, मोठ्या मुलांना जरूर दाखवा, पण ज्याने कविता पहिल्यांदाच ऐकलीय त्याच्या हातात नको कारण मग ती बास्केटबॉलचीच कविता होऊन बसते, बाकी सगळे दरवाजे बंद. स्टेफान जॉरिशने २००४ मध्ये त्यातून युद्धखोर समाज काढला, तेही मोठ्यांचंच पुस्तक आहे खरं तर.

तुम्ही इंग्रजीच शोधताय म्हणून एक आपल्या जवळचं नाव सुचवते, सुकुमार राय, सत्यजित रायांचे वडील. 'आबोल ताबोल' हे पुस्तक १९२३ च्या १९ सप्टेंबरला आलं आणि ते गेले १० सप्टेंबरला, काळा आजाराने, वय पस्तीस. नऊ दिवसांनी चुकलं. चित्रं त्यांचीच, आणि ते छपाईचं तंत्र विलायतेत जाऊन शिकून आलेले, घरचा छापखाना, त्यामुळे रेष छापून कशी उमटेल हे त्यांना माहीत होतं. त्यातली खिचडीची कविता म्हणजे हाँस आणि शोजारू, बदक आणि साळिंदर, मिळून हाँसजारू, 'ब्याकरण मानि ना', व्याकरण मानत नाही म्हणे. बगळा आणि कासव एकत्र, हत्ती आणि तिमि म्हणजे देवमासा एकत्र. इथे चित्र समजावून सांगत नाही का, तर नाही, कारण चित्र तेच करतंय जे शब्द करतोय, शब्दाला सांधा मारलाय तसा शरीराला सांधा मारलाय, आणि प्राण्याच्या चेहऱ्यावर 'ह्यात काय विशेष' असा भाव. मी मुलांबरोबर मराठीत हा खेळ करते, हंस आणि साळू मिळून हंसाळू, हा शब्द तर इतका गोड निघाला की आमच्याकडे कुणी फार लाडात आलं की त्याला हंसाळू म्हणतात, काटे असलेला लाडोबा. बंगाली येत नसलं तरी मूळ चित्रांची प्रत बघाच, इंग्रजी अनुवादही आहेत, सुकांत चौधुरींचा चांगला आहे.

आणि आता माझी सगळ्यात लाडकी, जिचं चित्रपुस्तक करायची माझी कधीपासूनची इच्छा आहे आणि हात लावायची हिंमत होत नाही. लिअर १८७३ च्या नोव्हेंबरात मुंबईत उतरला, व्हाइसरॉय नॉर्थब्रुकच्या बोलावण्यावरून, आणि वर्षभराहून जास्त देशभर चित्रं काढत हिंडला. १८७४ च्या जुलैमध्ये त्याची 'कमरबंद' नावाची कविता मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात छापून आली. त्यात एक बाई संध्याकाळचा तारा बघायला 'धोबी'वर बसलीय. जाणारे येणारे 'पंखे' तिला म्हणतात किती गं तू सुंदर. आजूबाजूला उंच 'खानसामे' उगवलेत, नदीत सोनेरी परांचे 'चपराशी' पोहतायत, झाडाच्या शेंड्यावर हिरव्या 'आया' (मुलं सांभाळणाऱ्या बायका) बसल्यात, जांभळे 'नाले' फांद्या पसरून उभे आहेत, आणि शेवटी तो भयंकर कमरबंद येऊन बाईला गिळून टाकतो. लंडनच्या मुलाला ह्यातला एकही शब्द कळत नव्हता, त्याच्यासाठी चपराशी हा खरोखर मासा होऊ शकत होता. मुंबईतल्या साहेबाला सगळे शब्द माहीत, ते त्याच्या घरचे नोकर, त्याला वेगळं हसू. आणि आपल्याला? मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खदखदून हसले आणि मग 'धोबीवर बसली' इथे जरा थबकले, कारण धोब्यावर बसलेली मडम ही काही नुसती गंमत नाही ना राहत. तर आता काढायचं काय. खरा धोबी काढला तर तो विनोद घाण होतो. धोबी नावाचा एखादा दगड किंवा कोच काढला तर मराठी मूल विचारणार, ह्यात धोबी कुठाय? झाडावर मात्र हिरव्या आया मला स्पष्ट दिसतात, हिरवी लुगडी, पाय वर घेऊन बसलेल्या, पोपटांसारख्या, शेवटी पोपटवाल्याचीच कविता. तीन डमी, म्हणजे पुस्तकाच्या कच्च्या प्रती, करून झाल्या, तिन्हींत पहिल्याच पानावर गाडी अडते.

तर तुमचं उत्तर. दोन पुस्तकं घ्या. एक लिअरच्या मूळ चित्रांचं, स्वस्तातलं, चित्रं आहेत ह्याची खात्री करून. दुसरं घुबड-मांजराचं मोठं रंगीत, ब्रेटचं मिळालं तर ते, नाहीतर पालुपद, नोट आणि चमचा ह्या तीन जागा बघून तुमचं तुम्ही ठरवा. पुठ्ठ्याच्या पानांची छोटी आवृत्ती सहा वर्षांच्या मुलीला घेऊ नका, ती दोन वर्षांच्यांसाठी असते आणि त्यात पुष्कळदा ओळी गाळलेल्या असतात.

कपड्यांचंही बघा. लिअरच्या चित्रांत घुबड आणि मांजराच्या अंगावर काहीच नाही, एक घुबड, एक मांजर, एक गिटार, बास. नंतरच्या चित्रकारांनी घुबडाला कोट आणि बो टाय घातला, मांजराला फ्रॉक आणि टोपी, म्हणजे नवरा कोण आणि नवरी कोण हे ठरवून टाकलं. मूळ कवितेत ते कुठेच म्हटलेलं नाही, दोघांनाही तो किंवा ती लावलेलं नाही. (लिअरनेच पुढे एका अपुऱ्या राहिलेल्या कवितेत मांजर आई आणि घुबड बाप असं लिहिलंय, पण ती तो गेल्यावर खूप वर्षांनी छापली गेली, ह्या कवितेत ते नाही.) इंग्रजीत हे सांभाळायला कसरत करावी लागते, आणि आपल्याकडे आयतंच आहे, ते घुबड आणि ते मांजर. तुम्ही वाचून दाखवताना मध्येमध्ये मराठीत सांगणार असालच, तर 'ते'च म्हणा. 'घुबडराव' आणि 'मांजरबाई' करू नका, जीभ तिकडे वळते मला माहितेय, माझीही वळायची. आजी म्हणतील घुबड अशुभ, त्याचं कसलं लग्न लावता, तर त्यांना सांगा की लग्नाचं मांजरानेच विचारलंय.